घर विकायचं नाहीये, पण भाव काढायचाय

ह्या महिन्यात आलेल्या पत्रांतली आणि मेसेजमधली निम्मी तरी एकाच गोष्टीवर होती, घर विकायचं नाही पण त्याची आज किंमत किती ते कळायला हवंय, मग एजंटला बोलवावं का. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते आणि ह्यावेळी फक्त हाच विषय. मी स्वतः वीसेक वर्षं बँकांच्या पॅनेलवर व्हॅल्युएशनचं, म्हणजे घरांची किंमत ठरवून द्यायचं काम केलंय, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून बघितल्यात.

प्रश्न : ताई, वडील दोन वर्षांपूर्वी गेले, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. कोथरूडला त्यांनी १९९६ साली घेतलेला टू बीएचके आहे, ६२० स्क्वेअर फूट कार्पेट, त्यांच्याच नावावर. त्यात मी, बायको, मुलं आणि आई राहतो. बहीण सांगलीला असते. ती म्हणते घर तूच ठेव पण माझा वाटा पैशात दे, आणि मला ते मान्य आहे. आकडा ठरवायला तीन एजंट बोलावले, विकायचंय असंच सांगितलं कारण नाहीतर कोण येणार. एकाने ९२ लाख सांगितले, दुसऱ्याने १ कोटी १५, तिसऱ्याने ८५. आता बहीण १ कोटी १५ धरून बसलीये आणि मी ८५. बायको म्हणते मुळात लोकांना खोटं सांगून बोलावलंत तिथेच चुकलं. कोणाचा आकडा धरायचा? — एक वाचक, पुणे

उत्तर : तिघांतलं कोणी खोटं बोललं असं मला वाटत नाही. तुम्ही सांगितलंत विकायचंय, म्हणून प्रत्येकाने तो स्वतः ते घर कसं विकेल त्याचा आकडा दिला, आणि तिघांची विकायची पद्धत वेगळी.

९२ वाल्याने बहुतेक सेलेबल एरिया धरला असणार. तुमचं कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र, ६२०, त्यावर जिना, भिंती, पॅसेज वगैरेचं लोडिंग टाकलं की ८५० होतात, त्याला १०,८०० चा रेट लावला की ९१ लाख ८० हजार, म्हणजे बोलताना ९२. हाच आकडा कार्पेटवर काढला तर फुटाला साधारण १४,८०० पडतो. एकाच घराचा रेट कोणी १०,८०० सांगतो कोणी १४,८०० आणि दोघंही बरोबर असतात, म्हणून एजंटने रेट सांगितला की पहिला प्रश्न विचारायचा, कार्पेटवर का सेलेबलवर. हे न विचारल्यामुळे घरात भांडणं झालेली मी बघितलीत, एक भाऊ कार्पेटचा रेट घेऊन सेलेबल एरियाला गुणत बसतो आणि एकदम वीस-पंचवीस लाखांनी घर फुगतं.

१ कोटी १५ मध्ये रिडेव्हलपमेंटची आशा धरलेली दिसते. जवळपास तीस वर्षांची बिल्डिंग, आज ना उद्या बिल्डर येणार, जास्तीचं कार्पेट मिळणार, असा तो हिशोब. पण तुमच्या सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झालीये का, ठराव झालाय का, करारावर सह्या आहेत का? तसं काहीच नसेल तर त्या आशेचे पैसे आज कोणी मोजत नाही. शिवाय मोठा आकडा सांगितला की घर त्याच एजंटकडे जातं, आणि मग दोन महिन्यांनी फोन येतो, काका मार्केट थंड आहे जरा खाली या.

आणि ८५ हा लगेच विसार देणाऱ्या इन्व्हेस्टर पार्टीचा भाव. तो पार्टीचा नफा वजा करूनच सांगितलेला असतो. घाईत पैसे हवे असतील त्याच्यासाठी तो आकडा ठीक, तुम्हाला तर घाई नाहीये.

आता एक गोष्ट मनापासून सांगते. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, त्यात आई फक्त राहणाऱ्या माणसांच्या यादीत आहे. घर वडिलांच्या स्वतःच्या कमाईचं असेल आणि मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगा, मुलगी तिघं सारखे वारस, म्हणजे एक तृतीयांश आईचा. बहिणीचा वाटा निम्मा धरून बोलणी चालली असतील तर पायाच चुकलाय. ८५ धरले तर बहिणीचे २८ लाख ३३ हजार होतात, १ कोटी १५ धरले तर ३८ लाख ३३ हजार, म्हणजे तुमच्या दोघांत वाद आहे तो दहा लाखांचा, आणि बहिणीइतकाच वाटा जिचा आहे त्या आईला अजून कोणी विचारलेलंच नाही. आधी आईजवळ बसा, तिला तिचा वाटा स्वतःच्या नावावर ठेवायचाय का, नंतर कोणाला द्यायचाय, का तिला फक्त इथेच राहायची खात्री हवीये, ते तिच्या तोंडून ऐका आणि मग एरिया-रेट काढा. सोसायटीत नॉमिनी म्हणून तुमचं नाव लागलं असलं तरी त्याने तुम्ही एकटे मालक होत नाही.

आकडा असा काढा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाईटवर ई-सर्च आहे, विनाशुल्क, त्यात गाव आणि सर्व्हे नंबर किंवा सिटीएस (सिटी सर्व्हे) नंबर टाकून तुमच्या आणि शेजारच्या बिल्डिंगमधले गेल्या वर्षभरातले व्यवहार शोधा. प्रत्येकाची सूची दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, उघडते, तिच्यात मोबदला, सरकारी बाजारभाव, क्षेत्र, तारीख सगळं असतं. क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं, त्याला १०.७६४ ने गुणायचं, तुमचं ५७.६ मीटर असेल. ते कार्पेट लिहिलंय का बिल्टअप, म्हणजे भिंती धरून, ते नीट वाचा, जुन्या दस्तात बिल्टअप असतं आणि ते कार्पेटपेक्षा साधारण वीस टक्के जास्त धरलेलं असतं. पार्किंग आहे का तेही बघा. असे तीन-चार व्यवहार मिळाले की एजंटच्या आकड्यांपेक्षा पक्की जमीन पायाखाली येते, कारण तिथे खरंच कोणीतरी पैसे मोजलेत. रेडी रेकनरचा दरही काढून ठेवा, पण तो मुद्रांक शुल्कासाठीचा सरकारी दर, बाजार त्याच्या वर असतो आणि कधीकधी खालीही.

मग तुम्ही आणि बहीण दोघांनी मिळून एकच सरकारमान्य व्हॅल्युअर नेमा, फी निम्मी-निम्मी, आणि तो येईल त्या दिवशी बहिणीलाही सांगलीहून बोलवा. हे महत्त्वाचं आहे. माणूस लेझरने माप घेताना, बाथरूमच्या मागच्या भिंतीवर हात फिरवून ओल बघताना, खिडकीखालचा पोपडा नखाने काढून बघताना दोघांनीही बघितलं की नंतर आकड्यावर संशय घेत नाही कोणी. असं एक काम मला आठवतं, भाऊ-बहीण सकाळी एकमेकांशी बोलत नव्हते, मी किचनच्या ओट्याखाली वाकून नळाची गळती बघत होते तेव्हा बहीण म्हणाली ही गळती आई असल्यापासूनची आहे, भाऊ म्हणाला हो बादली लावायचो आपण, आणि पुढचा अर्धा तास दोघं मला घर दाखवत होते. व्हॅल्युअरला हेतू स्पष्ट सांगा, कुटुंबातल्या वाटणीसाठी हवंय, आणि कुठल्या तारखेचा भाव ते लिहून घ्या, नाहीतर सह्या व्हायला दीड वर्ष लागलं की पुन्हा कोणीतरी म्हणतं भाव वाढले.

पैसे देऊन सोडवलेला हक्क आणि काही न घेता सोडलेला हक्क ह्यात कागदावर मोठा फरक आहे, मुद्रांक शुल्कातही आणि बहिणीच्या टॅक्समध्येही, त्यामुळे हक्कसोडपत्र करायच्या आधी वकिलाला हे पैशाचं धरून सगळं खरं सांगा.

आणि खोटं सांगून बोलावलंत तिथेच चुकलं हे वहिनींचं म्हणणं बरोबर आहे. एजंट रविवारी दुपारी जेवण अर्धं टाकून गाडीवर येतो, चपला दाराशी काढतो, घर बघतो, तुमच्यासमोर दोन पार्ट्यांना फोन लावतो. ते सगळं तो एक-दोन टक्के ब्रोकरेजच्या आशेवर करतो. त्या तिघांनाही फोन करून सांगा की विक्री नाहीये, वाटणीसाठी विचारलं होतं. पुढे कधी खरंच विकायची वेळ आली तर ह्याच तिघांशी गाठ आहे.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीला राहतो. मुलाने सहज म्हणून एका एजंटला विचारलं, आमच्या घराचे आज किती येतील. तो घरी आला, हॉलचे, किचनचे फोटो काढले, मला वाटलं त्याला अंदाज घ्यायला लागत असतील. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सात वाजल्यापासून फोन, घर बघायला कधी येऊ. चार साईटवर आमचं घर, आमचा सोफा, देवघरसुद्धा दिसतंय. सोसायटीत सगळे विचारतायत कुठे चाललात. मिस्टरांची तब्येत बरी नसते, त्यांना फार लागलं हे. काय करू? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमचा राग अगदी रास्त आहे. परवानगी नसताना घराच्या आतले फोटो असे टाकणं चूकच, देवघराचा फोटो तर मी समजूच शकत नाही.

आज करायचं ते असं. त्या एजंटला फोन नको, लेखी मेसेज पाठवा, म्हणजे तारीख-वेळ राहते. लिहा की आम्ही घर विकत नाही, फोटो आणि जाहिरात टाकायला आम्ही परवानगी दिली नव्हती, उद्या संध्याकाळपर्यंत सगळीकडून काढा आणि पुढे ज्या एजंटांना पाठवलंय त्यांनाही कळवा. शेवटचं वाक्य विसरू नका, कारण एकाने टाकलं की बाकीचे तेच उचलून टाकतात, म्हणूनच चार साईटवर दिसतंय. प्रत्येक जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, त्यात तारीख दिसायला हवी, आणि त्या-त्या साईटवर जाहिरातीची तक्रार करायची सोय असते तिथे मालक मीच आहे आणि घर विकायचं नाही असं कळवा. त्याच्या कार्डावर महारेराचा, म्हणजे घरांच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी नंबर असेल तर तोही मेसेजमध्ये लिहा, नोंदणी असलेला माणूस नंबर बघून लवकर हलतो असा माझा अनुभव आहे. सोसायटीच्या ग्रुपवर तुम्ही स्वतःच दोन ओळी टाका, आम्ही कुठेही जात नाही, चुकून जाहिरात पडलीये, मग मिस्टरांना जिन्यात कोणी विचारणार नाही.

बाकी वाचकांसाठी, एजंटला नुसता अंदाज विचारायचा असेल तर तो यायच्या आधीच मेसेज करा की हे फक्त माहितीसाठी आहे, फोटो काढायचे नाहीत, कुठे टाकायचं नाही. अंदाज सांगायला त्याला फोटो लागत नाहीत, मजला, एरिया, दिशा, पार्किंग आणि बिल्डिंगचं वय एवढं पुरतं. सूची दोन, शेअर सर्टिफिकेट, आधार ह्यांची झेरॉक्स द्यायची नाही, किल्ली तर नाहीच नाही.

प्रश्न : नाशिकला आमचा स्वतःचा छोटा बंगला आहे, ११०० फूट बांधकाम. विमा उतरवायचाय. एजंट म्हणतो प्लॉट धरून दीड कोटी सहज येतील. तर दीड कोटीचा विमा उतरवू का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही, आणि बरं झालं आधी विचारलंत. दीड कोटीतला मोठा भाग जमिनीचा आहे आणि जमीन जळत नाही, वाहूनही जात नाही. विम्यात धरायचा तो घर पुन्हा बांधायचा खर्च. एप्रिल २०२१ पासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांना भारत गृह रक्षा नावाची एकसारखी पॉलिसी ठेवावी लागते, त्यात कार्पेट एरियाला आजच्या बांधकामाच्या दराने गुणून रक्कम काढतात. समजा तुमच्याकडे बांधकाम फुटाला २,२०० ने पडतं आणि ११०० हे तुमचं कार्पेट असेल, तर २४ लाख २० हजार झाले. घरातलं सामान त्याच पॉलिसीत आपोआप धरलं जातं, इमारतीच्या रकमेच्या वीस टक्के, जास्तीत जास्त १० लाख, म्हणजे तुमच्या बाबतीत ४ लाख ८४ हजार, त्याहून जास्तीचं सामान असेल तर वेगळं सांगायचं. बांधकामाचा दर एजंटला नका विचारू, गल्लीत सध्या काम चालू असेल तिथल्या कॉन्ट्रॅक्टरला विचारा. दीड कोटीचा उतरवलात तर हप्ता उगाच जास्त भराल, आणि नुकसान झाल्यावर मिळेल तो बांधकामाचाच खर्च.

प्रश्न : मुलगी शिकायला बाहेर जातेय, व्हिसासाठी सीएंनी नेटवर्थ सर्टिफिकेट करायला घराची किंमत मागितलीये. ओळखीचा इस्टेट एजंट लेटरहेडवर लिहून देतो म्हणतोय, चालेल का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : लेटरहेडवरच्या चार ओळींच्या भरवशावर एवढ्या मोठ्या कामात राहू नका. सरकारमान्य व्हॅल्युअरचा रिपोर्ट करून घ्या, सीएही तोच मागतील. खरेदीखत, प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, मंजूर नकाशा, घरपट्टीची पावती एवढं काढून ठेवलंत की एका भेटीत काम होतं, रिपोर्ट हातात यायला मात्र दिवस लागतात, व्हिसाच्या तारखेच्या आदल्या आठवड्यात धावपळ नको. आणि कर्जही काढणार असाल तर बँक ह्या रिपोर्टवर चालत नाही, ती तिच्या पॅनेलचा माणूस पाठवते आणि त्याचा आकडा थोडा हात राखूनच येतो. मीही तसाच लिहायचे, कारण बँकेला उद्या ते घर लिलावात विकावं लागलं तर काय येईल ते डोक्यात ठेवावं लागतं. कमी आला म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

प्रश्न : मी दुबईत असतो. मुलुंडला १९९४ साली घेतलेला फ्लॅट आहे. आत्ता विकायचा नाही पण पुढे विकला तर टॅक्स किती बसेल त्याचा अंदाज हवा म्हणून दोन एजंटना किंमत विचारली. पुरेसं आहे का? — एक वाचक, दुबई

उत्तर : एजंटकडून तुम्हाला आजची किंमत कळली, पण १ एप्रिल २००१ ची किंमतही लागणार आहे. त्या तारखेच्या आधी घेतलेल्या घराला खरेदी किंमत म्हणून त्या दिवशीचा बाजारभाव धरता येतो, फक्त तो त्या दिवशीच्या मुद्रांक शुल्काच्या मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. हे काम व्हॅल्युअरचं, २००१ चा रेडी रेकनर बघून तो लिहून देतो. हा रिपोर्ट आत्ताच करून ठेवा, जुने कागद दरवर्षी मिळायला अवघड होत जातात आणि परदेशात बसून तर फारच. २३ जुलै २०२४ पासून लांब मुदतीच्या नफ्यावर इंडेक्सेशनशिवाय, म्हणजे खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून न धरता, साडेबारा टक्के टॅक्स आहे. त्या तारखेआधी घेतलेल्या घराला इंडेक्सेशन धरून वीस टक्क्यांचा पर्याय ठेवलाय पण तो भारतात निवासी असणाऱ्यांना, तुम्हाला नाही. पुढे-मागे कायमचं परत यायचं मनात असेल तर सीएंशी बोलताना हा मुद्दा आधी काढा.

प्रश्न : ताई, मी स्वतः एजंट आहे, ठाण्यात अकरा वर्षं. महिन्यात पाच-सहा फोन असे येतात की भाऊ घराची किंमत सांगा, जातो, तासभर घालवतो, नंतर कळतं विकायचंच नव्हतं, कोणाला सुनेला सांगायची असते, कोणाला शेजाऱ्याचं घर कितीला गेलं म्हणून आपलं तपासायचं असतं. पेट्रोल माझं, रविवार माझा. पैसे मागितले तर लोक म्हणतील दलाल नुसतं बोलायचेही पैसे घेतो. मागावेत का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : मागा, आणि फोनवरच आधी सांगा, घरी जाऊन चहा प्यायल्यावर नाही. दादा, विकायचं असेल तर येण्याचे काही नाही, नुसता अंदाज हवा असेल तर भेटीचे इतके घेतो, पुढे माझ्याकडून विकलंत तर ते ब्रोकरेजमधून वजा. असं सरळ सांगितलं की ज्याला खरंच हवंय तो देतो, मी बघितलंय, आणि ज्याला शेजाऱ्याशी तुलना करायचीये तो फोनवरच थांबतो. तुमच्या अकरा वर्षांच्या माहितीला किंमत आहे, कुठल्या बिल्डिंगमध्ये पाणी दोनच तास येतं, कुठल्या सोसायटीत ओसी, म्हणजे इमारत वापरायचा दाखला, नाही म्हणून बँका कर्ज देत नाहीत, हे तुम्हाला माहिती असतं आणि कुठल्याही वेबसाईटवर नसतं.

फक्त पैसे घेतलेत तर तोंडी सांगून सुटू नका, एका कागदावर लिहून द्या. त्याला व्हॅल्युएशन रिपोर्ट म्हणायचं नाही, तो व्हॅल्युअरचाच, तुम्ही लिहा बाजारभावाचा अंदाज. तारीख, कार्पेट किती धरलं, रेट कार्पेटवर, पार्किंग धरलं का नाही, आणि त्याच भागातले तुम्हाला माहिती असलेले दोन-तीन व्यवहार, कुठल्या महिन्यात कितीला झाले ते. शिवाय आकडा एक नको, दोन लिहा, तीन महिने थांबायची तयारी असेल तर एवढे येतील आणि महिन्याभरात हवे असतील तर एवढे. कोथरूडच्या वाचकांच्या घरी असा एक कागद असता तरी बहीण-भावांना कळलं असतं की ८५ कशाचे आणि ९२ कशाचे.